वाद घालावा तर फ्रेंचमध्येच

साकीनाक्याला काय कमी आहे असं विचारलं, की सामान्य माणूस लगेच बोटं मोजायला लागतो. पाणी कमी दाबाने येतं. अंधेरी-कुर्ला रोडला फुटपाथ आहे असं म्हणतात, पण तो फेरीवाले, बाइकवाले आणि मेट्रोचे खांब यांनी आपसांत वाटून घेतलेला आहे. खैरानी रोडवर एखादा टेम्पो माल उतरवायला आडवा लागला, की मागच्यांनी इंजिन बंद करून बसायचं. पावसाळ्यात मिठी नदीच्या मनात काय येतं, त्यावर जरीमरीच्या लोकांचा दिवस अवलंबून. हे सगळं खरं आहे आणि सगळं किरकोळ आहे. या भागाची खरी उणीव वेगळीच होती. आमच्या मुलांना फ्रेंच भाषेत एकमेकांचं म्हणणं खोडून काढायची काही सोय नव्हती. ती आता झाली. आमच्या भागातल्या एका शाळेने आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आंतरशालेय फ्रेंच वादविवाद स्पर्धा भरवली. साकीनाका त्यामुळे जगाच्या नकाशावर गेला नसेल, शाळेच्या माहितीपत्रकावर मात्र रंगीत गेला.

चांगल्या कामाला हसणारे असतातच. नाक्यावरचा पेपरवाला म्हणाला, "साहेब, इथे फ्रेंच समजतं कुणाला?" त्या भल्या माणसाला कळलं नाही की त्याने आक्षेप घेतला नव्हता, स्पर्धेचं समर्थन केलं होतं. साकीनाक्याच्या सिग्नलला पाच मिनिटं उभं राहून पाहा. रिक्षावाला भोजपुरीत गावी फोनवर बोलत असतो, मागची बाई मराठीत सुटे मागत असते, पलीकडे पावडर कोटिंगच्या गाळ्यातला शेठ गुजरातीत कुणाचा तरी उद्धार करत असतो, आणि सायकलवरचा इडलीवाला तमिळमध्ये त्या सगळ्यांवर मतप्रदर्शन करत असतो. मजा अशी की सगळ्यांना सगळं समजतं. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. या आठांपैकी कुठल्याही भाषेत तुम्ही दुसऱ्याचा मुद्दा खोडला, तर ऐकणाऱ्यांत तो मनावर घेणारा कुणीतरी निघतोच. अशा वस्तीत कोवळ्या मुलांना वादाला उभं करायचं, तर नववी भाषा लागते. महापालिकेला हे सुचलं नाही. खासगी शाळेला सुचलं.

शिवाय फ्रेंच आम्हाला तशी परकी नाही. वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी मेट्रो आमच्या डोक्यावरून ८ जून २०१४ पासून धावते आहे. ती चालवणारी कंपनी उभी राहिली तेव्हा रिलायन्स इन्फ्रा आणि एमएमआरडीए यांच्या जोडीला व्हेओलिया या फ्रेंच कंपनीचा पाच टक्के वाटा होता. डबे चीनमधून आले, तो भाग सोडा. पाच टक्के का होईना, फ्रान्स आमच्या नाक्यावर छत्रीसारखा उभा राहिला होता, आणि आम्ही त्याच्याखाली पाऊस चुकवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग केला नव्हता.

मुळात वाद ही फार घातक गोष्ट आहे, हे आपण मराठी लोकांनी अनुभवातून शिकायला हवं होतं. आगरकरांचं उदाहरण घ्या. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि बालविवाह, केशवपन असल्या विषयांवर कुणालाही कळेल अशा मराठीत लिहायला सुरुवात केली. चूक तिथेच झाली. लोकांना कळलं. कळल्यामुळे पुण्यातल्या सनातनी मंडळींनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली आणि त्यांच्याच दारावरून नेली. हेच मजकूर त्यांनी फ्रेंचमध्ये छापले असते तर काय बिघडलं असतं? पुण्याने त्यांना शालजोडी दिली असती, आणि फार तर त्यांच्या फ्रेंच उच्चारांतल्या चुका दाखवणारी दोन पत्रं वर्तमानपत्रात आली असती. माणूस सुखाने जगला असता. समाज होता तिथेच राहिला असता, पण एक सुसंस्कृत वाद झाल्याचं समाधान सगळ्यांना मिळालं असतं.

आमच्या स्पर्धेने नेमकी ही गोष्ट साधली आहे. वाद होतो, पण कुणाचं मत बदलत नाही. मत बदलायचं म्हणजे आधी ते समजायला हवं.

भाषेवरून डोकी तापायला तर आपल्याकडे काडी पुरते. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवायचा शासन निर्णय निघाला. पत्रकं निघाली, परिसंवाद झडले, मोर्चाची तारीख ठरली. २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला, आणि ५ जुलैला वरळीत दोन चुलत भाऊ सुमारे दोन दशकांनी राजकीय व्यासपीठावर एकत्र आले. एवढ्या धामधुमीत आमच्याकडच्या शाळांतला फ्रेंचचा एक तास बुडाला नाही. फ्रेंचच्या पुस्तकाची कुणी होळी केली नाही, फ्रेंचच्या बाईंना कुणी जाब विचारला नाही. हिंदी येणार म्हटल्यावर ज्यांची झोप उडाली, त्यांचीच मुलं संध्याकाळी फ्रेंचच्या ट्यूशनला वेळेवर गेली. याला मी भाषिक सलोखा म्हणतो.

मराठीचंही काही वाईट चाललेलं नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे. २०२० च्या कायद्याने ती राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत सक्तीची झाली. २०२३ मध्ये इतर मंडळांच्या शाळांना काही तुकड्यांपुरती मुभा मिळाली, की मराठीला नुसती श्रेणी द्या, एकूण गुणांत धरू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला तिला अभिजात दर्जा मिळाला. म्हणजे सक्तीची, अभिजात, आणि त्या मुलांपुरती बिनगुणांची. फ्रेंचला आपल्याकडे दर्जा नाही, कायदा नाही, दिन नाही, गौरव पुरस्कार नाही. फक्त तिचे मार्क धरतात. पालक बिचारे भाषाप्रेमी असतात, पण टक्केवारी काढताना बेरीजच करावी लागते.

फ्रेंच स्कोअरिंग आहे, हे आमच्याकडे बालवाडीच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकांनाही माहीत असतं. मराठीच्या निबंधात तपासणाऱ्याला काही ना काही खुपतं, कारण त्याला मराठी येतं. फ्रेंचमध्ये रिकाम्या जागी 'ल' की 'ला' एवढं बरोबर पडलं की मार्क हातात. चांदिवलीच्या टॉवरांपासून नव्वद फूट रोडच्या चाळीपर्यंत क्लासच्या पाट्या लागल्या आहेत: फ्रेंच, जर्मन, अबॅकस, वैदिक गणित, खाली हस्ताक्षर सुधारणा. पाटीवर आयफेल टॉवर असतोच. वास्तविक जगातले निम्म्याहून जास्त फ्रेंचभाषक आज आफ्रिकेत राहतात, आणि फ्रेंच चालणारं सगळ्यांत मोठं शहर म्हणून पॅरिसच्या आधी काँगोमधल्या किन्शासाचं नाव घेतात. पण पाटीवर किन्शासाचा रस्ता रंगवला तर लोकांना तो खैरानी रोडच वाटेल, आणि खैरानी रोडला जायला फी कोण भरेल?

ज्यांना आणखी पुढे जायचं असेल त्यांना डेल्फ आहे. फ्रेंच शिक्षण मंत्रालयाची परीक्षा, ए-वन, ए-टू अशा पायऱ्या, आणि प्रमाणपत्र जन्मभर चालतं. भाषा तितकी टिकली नाही तरी चालतं.

या स्पर्धेची तयारी मी जवळून पाहिली, म्हणजे जिन्यावरून ऐकली. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी मुलगी नववीत आहे. वडील खैरानी रोडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, आई घरूनच ब्लाउज शिवते, आणि वडिलांची आई राजापूर तालुक्यातून डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आलेली ती इथेच राहिली. विषय ठरला होता: शाळेत मोबाईलला बंदी असावी. चिठ्ठ्या काढल्या तेव्हा हिच्या वाट्याला बंदीची बाजू आली. क्लासच्या मॅडमनी तीन मिनिटांचं भाषण लिहून दिलं. आता ते पाठ करून घ्यायचं कुणी? आईला फ्रेंच वाचता येत नाही. पण बाई हिकमती. मॅडमनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आवाज पुन्हा पुन्हा ऐकून तिने अख्खं भाषण देवनागरीत उतरवून घेतलं, वहीच्या मागच्या पानावर, ब्लाउजच्या मापांच्या शेजारी. छाती चौतीस, बाही दहा, मेदाम ए मेस्य.

रोज संध्याकाळी शिलाई मशीन बंद झालं की पाठांतर सुरू. आईचं बोट ओळीवर. मुलगी 'प्रमियेरमाँ'पर्यंत छान येई आणि 'पार कोंसेकाँ'ला अडखळे. "पार..." आई हळूच सांगायची, "पार कों..., अगं काल आलं होतं की!" एकदा मुलीने मधली एक ओळ गाळली. आईने लगेच पकडली. अर्थ दोघींनाही लागत नव्हता, त्यामुळे लक्ष विचलित व्हायचं कारण नव्हतं. सगळं बिनचूक झालं की आई मोबाईल समोर धरून त्याचा व्हिडिओ काढायची आणि मॅडमना पाठवायची. मोबाईलवर बंदी का हवी हे सांगणारा व्हिडिओ मोबाईलवरून जायचा, आणि मोबाईलवरूनच मॅडमचा अंगठा यायचा.

आजी खाटेवर बसून डोळे मिटून ऐकायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "कसला गो पाठ हा?" सुनेने सांगितलं, फ्रेंच आहे, स्पर्धा आहे. आजी म्हणाली, "असू दे. अथर्वशीर्षाचा तरी अर्थ कुठे लागतो आपल्याला? उच्चार शुद्ध हवेत, म्हणजे पावतं." शिक्षणशास्त्रावर इतकं नेमकं बोललेलं मी तज्ज्ञांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

स्पर्धेचा दिवस उजाडला. सभागृह भरलं होतं. परीक्षक तीन: दुसऱ्या शाळेच्या फ्रेंचच्या बाई, एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि ज्यांनी करंडक पुरस्कृत केले ते क्लासचे मालक. तिघांपैकी एकीला फ्रेंच येत होतं, त्यामुळे निकाल बहुमताने लावायचं ठरलं. गुणपत्रिकेत रकाने होते आत्मविश्वास, देहबोली, उच्चार, वेळेचं भान. मुद्द्याला रकाना नव्हता. ते योग्यच होतं. मुद्दा घरून आणायचा असतो.

उद्घाटनाला माजी नगरसेवक आले. त्यांनी हिंदी-मराठी मिसळून फ्रेंचचं महत्त्व सांगितलं, आणि ओघात म्हणाले की फ्रेंच राज्यक्रांतीने जगाला स्वातंत्र्य, समता, बंधुता दिली आणि तिथून ती आपल्या राज्यघटनेत आली. मागच्या रांगेतून एक काका उठले. ते म्हणाले, साहेब, थोडी दुरुस्ती. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये रेडिओवरच्या भाषणात स्पष्ट सांगितलंय की हे तत्त्वज्ञान मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेलं नाही, बुद्धाकडून घेतलंय. काका आणखीही काही सांगणार होते. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात प्राथमिक फ्रेंचचा अभ्यासक्रम घेतलेला होता, तेव्हा हे भाषा न येता केलेलं विधान नव्हे, असा त्यांचा पुढचा मुद्दा असावा. पण सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी त्यांना नम्रपणे आठवण करून दिली की ही वादविवाद स्पर्धा आहे, मधे बोलू नये, आणि आजचा कार्यक्रम फ्रेंचमध्ये आहे. काका बसले. शिस्त म्हणतात ती ही. त्या दिवशी सभागृहात एकच वाद सुरू होण्याची भीती निर्माण झाली होती, ती वेळीच टळली.

मग मुलं बोलली, आणि खरोखर छान बोलली. हात कुठे उचलायचा, 'आँ रेव्हांश' म्हणताना मान कुठे वळवायची, सगळं घोटलेलं. मध्येच विमान अगदी छपरावरून गेल्यासारखं गेलं. आमच्याकडे हे दर काही मिनिटांनी होतं. त्या गडगडाटात एका मुलाचं अर्धं भाषण कुणाला ऐकू आलं नाही. त्याने ते थांबवलं नाही, प्रेक्षकांनीही माना डोलावणं थांबवलं नाही. ऐकू येणं आणि न येणं यांत काही फरक पडत नाही, हे इतक्या सहज सिद्ध झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण कळस खंडनाच्या फेरीत झाला. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या मुलीसमोर जो मुलगा उभा होता, तो दुसऱ्या शाळेचा पण त्याच क्लासचा. त्याचं भाषण त्याच मॅडमनी लिहिलेलं, आणि त्याचं खंडन मॅडमनी हिला लिहून दिलेलं. त्याने तीन मुद्दे मांडायचे, हिने तीन खोडायचे, असा साधा व्यवहार. मुलगा तिसरा मुद्दा विसरला. दुसऱ्यानंतर थेट आभार मानून बसला. ही उभी राहिली, 'ज न स्वी पा दाकोर' म्हणाली, आणि तिने पहिला खोडला, दुसरा खोडला, आणि क्षणभरही न डगमगता तिसराही खोडला. न मांडलेला मुद्दा इतका समूळ उखडला, की त्या मुलाला तो पुन्हा कधी मांडता येईल असं वाटत नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. फ्रेंच येणाऱ्या बाईंनी एकदा वर पाहिलं आणि उच्चाराच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

परदेशांत याच गोष्टी किती ओबडधोबड पद्धतीने करतात ते पाहिलं की आपली प्रगती लक्षात येते. आयर्लंडमध्ये माध्यमिक शाळांच्या फ्रेंच वादविवाद स्पर्धा होतात. पण तिथून रात्रीच्या बोटीत बसलं की दुसऱ्या दिवशी शेरबुरच्या धक्क्यावर उतरता येतं, त्यामुळे मुलांपुढे समोरच्याला समजेल असं बोलण्याचं विनाकारण दडपण असतं. खुद्द फ्रान्सने २०२१ पासून शालान्त परीक्षेत 'ग्राँ ओराल' आणली आहे: वीस मिनिटं परीक्षकांपुढे उभं राहून आपला विषय मांडायचा आणि त्यांच्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरं द्यायची. परीक्षक फ्रेंच, मुलगा फ्रेंच, भाषा फ्रेंच. सुटायला वाव कुठे? आपल्याकडे मुलांवर असा अत्याचार होत नाही.

आपल्या थोरांनीही फ्रेंचचा उपयोग नीट केला नाही, हे खेदाने म्हणावं लागतं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात फ्रेंच आणि जर्मन शिकायला घेतलं, तेही ग्रंथ वाचायला. सहा वर्षांची मोकळीक होती, पण एक सर्टिफिकेट आणलं नाही. देवलांनी त्याहून कहर केला. मोलियेरची प्रहसनिका इंग्रजीच्या वळणाने उचलली, 'संशयकल्लोळ' रंगवलं, आणि शंभर वर्षं मराठी माणूस फाल्गुनरावाला पुण्यातलाच समजून हसतो आहे. क्लास नाही, फी नाही, आयफेल टॉवरची पाटी नाही. असं फुकटात फ्रेंच घरात आलं तर क्लासवाल्यांनी खायचं काय? ८ जुलै १९१० ला मार्सेयच्या बंदरात सावरकरांनी बोटीतून उडी मारली, धक्का गाठला, आणि तिथल्या फ्रेंच शिपायाने त्यांना परत इंग्रजांच्या हवाली केलं. त्यांचं म्हणणं शिपायाला कळलं नाही, असं सांगतात. पुढे तो वाद फ्रान्स आणि ब्रिटन या दोन सरकारांनी हेगच्या लवादापुढे घातला, १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला, आणि ज्याच्यावरून वाद होता त्याला तिथे बोलावलेलं नव्हतं. फ्रेंच क्लासच्या जाहिरातीला यापेक्षा चांगला मजकूर मिळणार नाही, पण तो अजून कुणी छापलेला मी पाहिला नाही.

विषयांच्या बाबतीतही शाळेने फार जपून पावलं टाकली. मंजूर विषय होते मोबाईल, गणवेश, पाळीव प्राणी आणि फास्ट फूड. दहावीतल्या एका मुलाने सुचवलं, की अणुऊर्जा हवी की नको असा विषय ठेवावा. फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते, तेव्हा फ्रेंचमध्ये बोलायला सामग्रीही भरपूर. "फार कॉन्ट्रोव्हर्शियल होईल," असं सांगून तो विषय बाजूला ठेवला गेला. वादविवाद स्पर्धेत वादग्रस्त विषय घेऊ नये, इतकी साधी गोष्ट त्या मुलाच्या लक्षात आली नव्हती.

ही हकिकत घरी मुलीने सांगितली तेव्हा आजीने डोळे उघडले. "म्हणजे ही त्या माडबनवाल्यांची भाषा होय?" राजापूरला सतराव्या शतकात फ्रेंचांची वखार होती हे तिला ठाऊक नाही, पण जैतापूरचा प्रकल्प ठाऊक आहे. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा करार झाला. सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॉट, एकूण ९९०० मेगावॉट, जागा माडबनचा सडा. आधी कंपनी अरेव्हा, नंतर ईडीएफ. आजी त्या काळात मोर्च्याला जाऊन आली होती, एकदा नव्हे. म्हणजे आमच्या अख्ख्या इमारतीत फ्रेंचांशी खरोखर वाद घातलेली व्यक्ती एकच, आणि तिने तो राजापूरच्या बोलीत घातला. घसा बसेपर्यंत घातला. देहबोलीचे गुण कुणी दिले नाहीत, वेळेची घंटा कुणी वाजवली नाही. पुढे फुकुशिमा झालं, किमतीचं गणित जमेना, अपघाताची भरपाई कुणी द्यायची यावर दोन्ही देश अडले, आणि गावकरीही हटेनात. सडा अजून सडाच आहे, एकही भट्टी उभी राहिलेली नाही. समोरच्याला आपलं म्हणणं समजलं की अशी कामं खोळंबतात.

मुलीला दुसरं बक्षीस मिळालं. करंडक लहान होता, प्रमाणपत्र मोठं. प्रमाणपत्र इंग्रजीत होतं आणि त्यात तिच्या आडनावातलं एक अक्षर गळलं होतं. आईने ते फ्रेम करून मशीनच्या वर लावलं आहे. त्याच आठवड्यात इमारतीच्या पाण्यासाठी अर्ज द्यायचा होता, तेव्हा साहजिकच सगळ्यांनी म्हटलं, हिला लिहू दे, ही वादपटू. मुलीने वही घेतली, 'माननीय महोदय' लिहिलं आणि थांबली. शेवटी आजीने तोंडी सांगितलं, मुलीने मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टंकलं, आणि खालच्या झेरॉक्सवाल्याने त्याचं देवनागरी करून दिलं. अर्ज चांगला झाला होता. मुद्दे तीन होते, आणि तिन्ही मांडलेले होते.

पुढच्या वर्षी स्पर्धा आणखी मोठ्या प्रमाणावर घेण्याचा शाळेचा विचार आहे, आणि प्रवेशिका लवकर भराव्यात अशी माझी सर्व पालकांना विनंती आहे. तिसऱ्या मजल्याची मुलगी तेव्हा दहावीत असेल. तिने हा वारसा कॉलेजातही चालवावा असं मला फार वाटत होतं, पण घरात सगळं ठरलेलं आहे. अकरावीला ती फ्रेंच सोडणार. सेकंड लँग्वेजच्या जागी आयटी घेता येतं, आणि त्यात मार्क जास्त पडतात.